फळी

शनिवारी सबमिशन. प्रश्न एका ओळीचा:
पायथनमध्ये मेनूवर चालणारी रांग तयार करा.
सरांनी उदाहरण दिलं बँकेचं.
मी बँकेत कधी रांगेला उभी राहिलेली नाही.
माझ्यासाठी रांग म्हणजे अरण्येश्वरची गिरणी, सुदाममामाची,
जिथं माणसं घरी जातात
आणि डबे उभे राहतात.

वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडला,
कळांवर पाच मिनिटांत पीठ.
पहिली ओळ: रांग बरोबर चौकोनी कंस, आत काही नाही.
मामा वाकून बघत म्हणाला,
सकाळी सातला शटर वर करतो ना, तेव्हा असंच दिसतं.

मग मेनू.
एक, डबा ठेवा. दोन, डबा दळा.
तीन, रांग दाखवा. चार, बाहेर पडा.
चालवून बघितलं. एक दाबला.
‘चुकीचा पर्याय.’
पुन्हा एक.
‘चुकीचा पर्याय.’
असा तास गेला, चक्कीचा पट्टा फडफडत होता
आणि माझं डोकं त्याच्याच तालात.
शेवटी सापडलं: मी टाइप केलेला एक
हा आकडा नसतोच, नुसतं अक्षर असतं,
त्याला इंट करून घ्यावं लागतं आधी.
मामाला हे सांगितलं तर तो हसला.
चिठ्ठीवर पाच किलो लिहिलं म्हणून
डब्यात पाच असतात होय गं?
काट्यावर ठेवल्याशिवाय मी तरी कुठं मानतो.

तीन डबे घातले.
इनामदार, गहू, बारीक.
नफीसाआपा, बाजरी.
खैरे, पुन्हा गहू.
आधी आला तो आधी, मी ऐटीत सांगितलं.
मामा म्हणाला, एकच चक्की आहे माझी.
गव्हात बाजरी, बाजरीवर गहू,
तर खैऱ्यांच्या पोळ्या निळसर होतील
आणि बाई डबा घेऊन परत येतील, शिव्यांसकट.
म्हटलं, ती वेगळी रांग, प्राधान्याची,
पाचव्या युनिटला आहे.
बरं, म्हणाला, पाचवं युनिट येईपर्यंत
खैऱ्यांना थांबायला सांगतो.

मग दोन दाबलं. पॉप, कंसात शून्य.
पडद्यावर ‘इनामदार’ उमटलं, रांग एकानं घटली.
गेला कुठं?
काढला, मामा.
काढून ठेवला कुठं?

कुठंच नाही. मी तो कशात धरूनच ठेवला नव्हता.

मामानं मागं बोट केलं.
पाठीमागे फळी, दळून झालेल्यांची,
शेवटी कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा, कडी तुटलेला.
वि. आगाशे, ज्वारी, तीन किलो.
दिवाळीच्या आधीपासून आहे.
पीठ कडू झालं, टाकलं,
डबा घासून पुन्हा तिथंच ठेवला.
फोन नंबर? चिठ्ठीवर कुठे असतो फोन नंबर.
दर गुरुवारी, गिरणी बंद असते तेव्हा
फळी पुसतो, म्हणाला, आणि
पुढच्या डब्यासाठी दळायला बसला.

रात्री मी अजून एक यादी केली.
दोन दाबलं की डबा तिच्यात जातो,
पाच दाबलं की ती दिसते.
रांग रिकाम्या कंसानं सुरू होते.
फळी तशी होईना माझ्याच्यानं.

शनिवारी सरांनी आधी दोनच दाबलं, मुद्दाम.
‘रांग रिकामी आहे.’
मान हलवली. इथं बहुतेकांचा प्रोग्राम कोसळतो.
मग पाच.
चष्मा वर केला.
रांगेत कुणी आलंच नाही अजून,
मग हे आगाशे कोण?
आणि मेनूत चारच पर्याय मागितले होते.

म्हटलं, सर, डबा न्यायचा राहिलाय.

एक मार्क कापला, लाल पेननं.
थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले,
मग चार दाबलं.